साखर बोटाला होती

"हायपोग्लायसेमिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली उतरणं. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. दुपारी घरच्या मशीनने सासूबाईंची साखर भरमसाट वाढलेली दाखवली होती, आणि म्हणूनच मी त्यांना इन्सुलिन जास्त टोचलं होतं.

निफाडहून नाशिकला येताना जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दरदरून घाम फुटलेला, मला ओळखेनात. साखर वाढलीय या समजुतीने मी त्यांना गोडाचा थेंबही दिला नव्हता. आपल्या हाताने आईंना मारलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

ग्लुकोजचं सलाईन गेलं आणि त्यांनी डोळे उघडले. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "बोट टोचण्याआधी त्या काय करत होत्या?"

"द्राक्षं पेट्यांत भरत होत्या."

"हात धुतले होते?"

"स्पिरिटचा बोळा फिरवला होता."

द्राक्षाचा चिकट रस स्पिरिटने नीट निघत नाही. मशीनने रक्ताबरोबर तोही मोजला. माहितीपत्रकात हात धुवायला सांगितलं होतं खरं, पण बारीक इंग्रजीत, बॅटरीच्या सूचनांखाली.

घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'आधी हात स्वच्छ करा.' आईंनी ते वाचलं, पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं.

"अहो आई, हात!"

"स्वच्छ हायेत की. पदर सकाळीच धुतलाय. मी काय घाणेरडी हाय का?"

एरवी हसले असते. त्या दिवशी नाही. पुठ्ठा फाडून नवा लिहिला: 'नळाखाली साबणाने हात धुवा. कोरडे करा. मगच सुई टोचा. आकडा फारच वेगळा आला तर हात धुऊन पुन्हा तपासा. इंजेक्शन वाढवण्याआधी डॉक्टरांना फोन करा.' शेजारी नळाचं चित्रही काढलं.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर नुसत्या सूचना लिहून थांबू नका. ज्याने त्या पाळायच्या त्याच्या हातात द्या, आणि तो काय करतो ते गप्प बसून पाहा.

माझी भीती मात्र पुठ्ठ्याने गेली नाही. पुन्हा इंजेक्शन द्यायची वेळ आली तेव्हा सिरिंज हातात धरवेना. म्हटलं, गल्लीतल्या नर्सबाईंना बोलावते.

आईंनी पोटावरचं लुगडं बाजूला सारलं.

"परकी बाई कशाला? तूच दे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.