भर उन्हाळ्यातले लोकरी मोजे
डांबरगोळ्यांचा वास आला की मला आखातात, सलव्यातल्या आमच्या फ्लॅटमधलं नवऱ्याचं कपाट आठवतं. ऐन ऑगस्टच्या भट्टीत त्यात मला लोकरी मोज्यांचे चार जोड सापडले, बायकी मापाचे. "फहाहीलच्या बाजारात स्वस्तात मिळाले," हे माझ्याकडे न बघताच म्हणाले. माझ्यासाठी यांनी कधी रुमालसुद्धा आणला नव्हता. मग मी यांचा मोबाइल चाळला, तर त्यात उत्तरेकडच्या कुठल्याशा सामुद्रधुनीचे फोटो: काळे उभे कडे, मधून चिंचोळं पाणी आणि त्यात तरंगणारा बर्फ. कुणाबरोबर जायचा बेत आहे, या विचाराने मला जेवण जाईना. आठवड्याने मोजेही गायब झाले. त्याच सुमारास आमची मुलगी सुट्टी संपवून जहाजावर कामाला परतली होती. बर्फाच्या समुद्रात जायचं नाही, या अटीवरच मी तिला ती नोकरी करू दिली होती. पुढे एकदा डेकवरून तिचा व्हिडिओ कॉल आला. "मस्कतला आहोत, आई. फार उकडतंय," ती म्हणाली, आणि बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. शेजारी बसलेले हे पाणी प्यायला म्हणून उठले. आताही ती मस्कत म्हणाली की मी एवढंच विचारते, मोजे घातलेस ना?