दोन किलोमीटरचा धूमकेतू घेऊन आचऱ्याला

कणकवली सोडली तेव्हा माझ्या मांडीवर थर्माकोलचा पांढराशुभ्र गोळा होता आणि डोक्यात हवा. गोळा म्हणजे धूमकेतूचं केंद्रक, शेपटीच्या मुळाशी असतो तो दगड-बर्फाचा गड्डा. आचऱ्याच्या शाळेत त्यावर माझं पहिलंवहिलं व्याख्यान होतं. पुण्याच्या आमच्या खगोल मंडळात वीस वर्षं मी फक्त खुर्च्या मांडल्या. यंदा अध्यक्ष प्रसन्न झाले, कारण मी केंद्रकाचा आकार काढला होता: दोन किलोमीटर! धुळीचा पदर सुटण्याआधीची तेजस्विता घेतली, बर्फ म्हणजे पांढरा असं धरलं, गणित मांडलं. झालं.

उतरलो हिराबाईंकडे. त्या मासे सुकवतात, पाहुणेही ठेवतात. सकाळी अंगणात पेज (उकड्या तांदळाचा पातळ भात) खाताना लांब समुद्रात उन्हात सारखेच चमकणारे दोन ठिपके दिसले. मी विद्वत्ता पाजळली, "दोन्ही होड्या एकाच मापाच्या."

हिराबाई खो खो हसल्या. "मास्तरांनू, ती धवी (पांढरी) होडी दोन माणसांची. बाजूचो काळो मचवो तिच्यापरास केवढो मोठो! रंग आधी इचारा, मगे माप सांगा."

"लांबून रंग कसा कळणार?"

"माका इचारतास? होडयेच्या काळ्या फळयेर (फळीवर) पाय ठेवून बघा, चटको बसतलो. धव्या फळयेर नाय."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. केंद्रकं कोळशासारखी काळी असतात, हे मी वाचलं होतं. पेन्सिलीने खूणही केली होती. पण पांढरं धरलं की आकडा सुबक येतो ना! प्रकाशासोबत उष्णता मोजली तरच रंग आणि आकार वेगळे काढता येतात, आणि ती मी मोजलेलीच नव्हती.

सोबत आलेल्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, लोकांना आकडा लागतो! चूक पुण्यात गेल्यावर सावकाश शोधा."

संध्याकाळी शाळा भरली. शेवटी बोललो एकदाचं, "हा गोळा चुकीचा आहे. केंद्रक काळं असतं, म्हणजे ते दोन किलोमीटरपेक्षा बरंच मोठं असणार. नक्की किती, मला माहीत नाही."

"मगे इतक्या लांब येवन सांगलात काय?" हिराबाई मागून ओरडल्या. हशा पिकला. "तरी खरा बोललात हां!"

फोंडा घाट चढताना अध्यक्ष खिडकीबाहेर बघत राहिले. लाज वाटत होती मला, खोटं कशाला बोलू; पण इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. आता मंडळाच्या फलकावरच्या व्याख्यात्यांच्या यादीतून माझं नाव खोडलंय. त्याच फलकावरचे माझे दोन किलोमीटर मात्र तसेच आहेत.