अडेलाचा काटा आणि जेरीची पिकअप

अमेरिकेतल्या लोमनीस गावातले शेतकरी बँकेला घाबरत नसत इतके अडेला कुबिचेकला घाबरत. बाई दिसायला लहानखुरी, आवाज मऊ, चर्चमध्ये नेहमी शेवटून दुसऱ्या बाकावर. पण सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर तिने एकेचाळीस वर्षं काढली होती, आणि तेवढ्या काळात मक्याच्या ट्रकमधला एक दगड किंवा सीटखाली दडवलेला एक कुत्रा तिच्या नजरेतून सुटला नव्हता.

नवरासुद्धा तिला काट्यावरच भेटला. जेरी कुबिचेक भरलेला ट्रक आणायचा तेव्हा ऐटीत आत बसून वजन करून घ्यायचा. मका ओतून रिकामा ट्रक काट्यावर आला, की मात्र पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरायचा. म्हणजे दर खेपेला स्वतःच्या वजनाइतका मका फुकटात वाढला. तिसऱ्या खेपेला अडेलाने खिडकी सरकवली.

"मिस्टर कुबिचेक, तुमचे एकशे ब्याऐंशी पौंड म्हणजे मका नव्हे. तुम्हाला विकत घ्यायचा संस्थेचा विचार नाही."

"बरं. आणि तुमचा?" जेरीने विचारलं.

पुढच्या जून महिन्यात लग्न झालं. मुलंबाळं झाली नाहीत, पण संसार चांगला झाला. निवृत्त झालो की चाकांवरचं घर, म्हणजे राहायचा ट्रेलर घ्यायचा, गाडीमागे जोडायचा आणि पश्चिमेला समुद्रापर्यंत जायचं, असं जेरी दर हिवाळ्यात म्हणे. त्यासाठी त्याने हिरवी पिकअप घेतली, मागच्या हौद्यावर टोपण बसवलं, आत स्वतःच्या हाताने लाकडी खण केले. ट्रेलर घ्यायचा तेवढा राहिला. एका फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ उपसताना त्याचं हृदय थांबलं.

याला आता दोन वर्षं झाली होती. दर रविवारी प्रार्थनेनंतर अडेला पिकअप चालू करायची, गावाला एक फेरी मारायची आणि परत छपराखाली लावायची. मोठी बहीण मार्सेला तिच्याकडे राहायला आली होती. मार्सेलाने जन्मभर गावातल्या बायकांचे केस कुरळे केले होते, आणि जेवढं ऐकलं त्याच्या दुप्पट बोलून टाकलं होतं. तिनेही समुद्र पाहिला नव्हता. ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि हे रोज सांगत असे.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी गावातल्या निवृत्त दंतवैद्याने आपला ट्रेलर विकायला काढला. नऊ वर्षं वापरलेला, पण आत सगळं झकास: दोन पलंग, खिडकीजवळ टेबल, आणि कोलाच, म्हणजे फळांचा मुरांबा भरलेले गोड पाव, भाजता येतील एवढी भट्टी. अडेलाने भट्टीचं दार उघडलं, परत लावलं, परत उघडलं.

"तुमची पिकअप आरामात ओढेल," दंतवैद्य म्हणाला. "कोरडं वजन अवघं सत्तेचाळीसशे पौंड."

कोरडं वजन म्हणजे काय, हे अडेलाला कुणी शिकवायची गरज नव्हती. स्थळाबरोबर येणाऱ्या फोटोवर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढाच त्या आकड्यावर. त्यात पाणी नाही, गॅसची टाकी नाही, भांडी नाहीत, माणसं तर नाहीतच. गावात कुणी जुना ट्रेलर घ्यायला निघालं, की आधी अडेलाकडे येई, जसे आपल्याकडे पत्रिका घेऊन येतात. ती गाडीचं दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचायची. गाडीने एकूण किती भार पेलायचा ते कंपनीने तिथे छापलेलं असतं, पण नवरे मंडळी ते वाचत नाहीत. "ओढेल हो," ती म्हणायची. "ओढायला काय, बैलही ओढेल. वायोमिंगच्या घाटात उतारावर थांबवेल का, ते बोला." अशी तिने गावातली निदान सात स्थळं मोडली होती.

पण त्या मंगळवारी तिने पट्टी वाचली नाही. "शनिवारपर्यंत थांबा," असं दंतवैद्याला सांगून ती घरी आली. शनिवारनंतर तो ट्रेलर दुसऱ्या गावच्या एका माणसाला जाणार होता.

बुधवारी दोघी बहिणींनी दंतवैद्याकडून ट्रेलर मागून आणला आणि खरोखर निघायचं असल्यासारखा भरला. अडेलाचं म्हणणं, वजन करायचं तर खरंखुरं करावं. मार्सेलाने बिडाचे तीन तवे, आंबवलेल्या कोबीच्या चौदा बरण्या आणि पडद्यांचं कापड पिकअपच्या हौद्यात चढवलं.

"समुद्रावर कोबी मिळत नाही का गं?" अडेलाने विचारलं.

"मिळत असेल. पण तो आपल्याला ओळखत नाही."

गुरुवारी सकाळी त्या धान्यकोठारावर पोचल्या. काट्यावर आता लीलँड होता. अडेलानेच त्याला सहा वर्षं हाताखाली घेऊन तयार केलं होतं. पिकअपची चारही चाकं काट्यावर आणि जोडलेल्या ट्रेलरची चाकं बाहेर, असं तिने बिनचूक उभं केलं. म्हणजे ट्रेलरचा दांडा पिकअपच्या पाठीवर किती भार टाकतो ते पिकअपच्या वजनात धरलं जातं. मग ती दार उघडून खाली उतरली आणि मार्सेलालाही उतरवलं.

"हवा काय छान आहे," अडेला म्हणाली.

खिडकीवरच्या लाल आकड्यांत चौसष्टशे चाळीस उमटलं. दाराच्या चौकटीवरची मर्यादा चौसष्टशे पन्नास. अडेलाने ती तेव्हा पहिल्यांदा वाचली, निदान तसं दाखवलं.

"बसतंय," ती म्हणाली. "दहा पौंड उरतायत."

लीलँडने खिडकी सरकवली. एरवी तो तिला नावाने हाक मारी.

"मिसेस कुबिचेक, समुद्रापर्यंत गाडी कोण चालवणार आहे?"

अडेलाने पट्टीवरची धूळ बोटाने पुसली.

"कारण तुम्ही दोघी काट्याच्या बाहेर उभ्या आहात."

मागे मक्याचं बी घ्यायला आलेले दोन शेतकरी होते. त्यांनी ताबडतोब आकाशाकडे पाहायला सुरुवात केली. अडेलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकेचाळीस वर्षांत असल्या किती जणांना तिने खाली मान घालायला लावली होती, आणि आता स्वतःच्या हातून हे झालं, तेही इतक्या भोळेपणाने, की उतरताना आपण काय करतोय हे तिने स्वतःलाच कळू दिलं नव्हतं.

दोघी आत बसल्या. आकडा अडुसष्टशे वीसवर गेला.

"तीनशे सत्तरने जास्त," लीलँड हळू म्हणाला.

"दोघींचे तीनशे ऐंशी," मार्सेला खिडकीतून ओरडली, "आणि कोण किती ते विचारायचं नाही."

घरी येऊन अडेलाने हौद्यावरचं टोपण काढायचा हिशेब केला. एकशे ऐंशी कमी. जेरीचे लाकडी खण काढले तर आणखी साठ कमी. कोबीच्या बरण्या आणि तवे काढले, तरी सत्तर पौंड जास्तच.

"मी हलकेच श्वास घेईन," मार्सेला म्हणाली.

"मोठी पिकअप घ्यावी लागेल," अडेला म्हणाली. "ट्रेलर हवा असेल तर."

"मग घे. वीजकंपनीने आपली जुनी पांढरी विकायला काढलीय. धिप्पाड आहे अगदी."

"ही जेरीची आहे."

"ठाऊक आहे."

"आम्ही हिच्यातूनच जाणार होतो."

मार्सेलाने बरणीचं झाकण घट्ट केलं. तिला गप्प बसता येत नसे, पण विचार करून बोलता येत असे, आणि तसं ती वर्षातून एखाद्या वेळी करी.

"अडे, जेरी असता तर तो ट्रेलरच्या आत झोपून आला असता का? गाडीतच बसला असता ना? म्हणजे माझ्या जागी त्याचे एकशे ब्याऐंशी आले असते. ही पिकअप तो जिवंत असतानाही तुम्हाला घेऊन गेली नसती. तूच उतरवलं असतंस त्याला काट्यावरून."

अडेलाने बहिणीकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. दोन वर्षांत असं हसली नव्हती. शेवटी टेबलाला धरून बसावं लागलं. "त्याने ती पट्टी कधीच वाचली नव्हती गं," ती डोळे पुसत म्हणाली. "एवढे खण केले, पण पट्टी काही वाचली नाही."

शुक्रवारी जेरीची पिकअप बघायला शेजारच्या गावातला एक मधमाशीवाला आला. साधा माणूस, नाव एल्डन, पण अडेलाने त्याला वधूपित्यासारखं तासभर बसवून घेतलं.

"एका पेटीचं वजन?"

"ऐंशी पौंड. मध भरला की जास्त."

"जास्त म्हणजे?"

"शंभर... असेल."

"असेल नको. वजन करा. एका वेळी दहा पेट्या, अकरावी नाही. दुसरा गिअर थंडीत अडतो, जोर करू नका, थोडं थांबा. आणि पट्टी इथे आहे. माझ्यासमोर वाचा."

एल्डनने टोपी काढून ती मोठ्याने वाचली. खणांचं काय करू, असं त्याने विचारलं. "मधाच्या बाटल्या ठेवा," अडेला म्हणाली, आणि किल्ली दिली. पिकअप वळणाआड जाईपर्यंत ती अंगणात उभी राहिली. मग थेट वीजकंपनीच्या आवारात जाऊन तिने पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि आधी चौकट वाचली. गाडी कुरूप होती. एका दारावर कंपनीचं नाव खरवडल्याची खूण होती, आत तंबाखूचा वास होता, आणि मर्यादा होती ब्याण्णवशे पौंड.

शनिवारी ट्रेलर त्यांचा झाला. दुपारी पुन्हा काटा. या वेळी दोघी पट्टे लावून आत बसल्या, हौद्यात तवे आणि चौदाच्या चौदा बरण्या. लीलँडने खिडकी उघडायच्या आधीच अडेलाने काच खाली केली.

"दोघी आत आहोत. वाच."

"ब्याऐंशीशे नव्वद," लीलँड म्हणाला. "नऊशे दहा शिल्लक, अडेला."

मार्सेलाने पट्टा सोडला. "नऊशे दहा? मग माझं शिवणयंत्र आणते. आणि ती खुर्ची. आणि..."

"काय वाट्टेल ते आण," अडेला म्हणाली, "पण पुन्हा इथेच येऊन वजन करायचं."

लीलँडने घड्याळ पाहिलं, खुर्ची मागे सरकवली आणि कॉफी ओतून घेतली.