सुरुवात नसलेला माग

आधीच सांगते, हे मी रागात लिहितेय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नागपुरातल्या महाल भागात राहते, कॉलेजात फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये कोणी असले किस्से काढले की चहा अर्धा टाकून उठणारी मी... आणि आज स्वतःच एक सांगायला बसलेय.

मला आणि माझ्या धाकट्या भावाला, निखिलला, स्कीइंगचं वेड. हसू नका, नागपूरचा मे महिना काढणाऱ्यालाच बर्फाची ओढ कळते. गुलमर्गला कोर्स केला, मग लिफ्ट नसलेल्या डोंगरांवर स्वतः चढायचं आणि स्कीवरून उतरायचं, अशी चटक लागली.

मागच्या फेब्रुवारीत हिमाचलमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात गेलो. नेणारा सलील, आमच्याच शहरातला, अशा सहली काढणारा. उद्यानाच्या आतल्या भागात हिवाळ्यात कोणालाच सोडत नाहीत, तिथे कस्तुरीमृग असतात. सलील म्हणाला, खास परवानगी काढलीय. कागद दाखव म्हटलं तर मेलवर आहे, इथे नेटवर्क नाही, असं उत्तर. आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

सोबत चमन होता, तिथल्याच गावचा गाइड. रात्रभर पडलेला बर्फ पहाटे थांबला होता. नऊच्या सुमारास झाडी संपली आणि मोठा उघडा उतार समोर आला. लख्ख ऊन. आणि त्या उतारावर स्कीचा माग होता — दोन समांतर रेघा, नागमोडी वर चढत गेलेल्या. अगदी ताज्या.

मी फोटो काढला. सलील खूश झाला. चमन मात्र वाकून बघत राहिला, मग मला म्हणाला, हा सुरू कुठून होतो ते बघा. बघितलं. झाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर, कोऱ्या बर्फाच्या मधोमध. त्याच्या मागे काहीच नाही. बाजूला काठ्या टेकल्याची भोकं नाहीत. चढताना वळणावर एकेक स्की उचलून फिरवावी लागते, तिथला बर्फ तुडवला जातो. इथे कुठेच तुडवलेला नव्हता... रेघ नुसती वळली होती.

चमनने स्की काढल्या आणि खाली बसला.

"ये आदमी का निशान नहीं है, मॅडम. मैं नहीं जाऊंगा."

सलील त्याच्यावर भडकला. पुढे कोणी तरी सुखरूप गेलंय म्हणजे उतार पक्का आहे, याला उगाच घाबरवायची सवय आहे, वगैरे. मग निखिलला म्हणाला, तू हो पुढे, मी खालून व्हिडिओ घेतो. खालून! मी निखिलची बाही धरली.

"कोणी तरी गेलं ना समोर, ताई," तो म्हणाला. "आपल्याले काय भेव?"

तो त्याच मागातून चढला. अर्ध्यावर थांबला. वारा नव्हता, आवाज स्वच्छ आला.

"ताई, माग संपला. इथून समोर काहीच नाही वं."

आणि त्याच्या वरचा अख्खा बर्फ तुटून खाली आला.

बर्फात गाडलेल्याचा ठावठिकाणा देणाऱ्या, अंगावरच्या ट्रान्समीटरमुळे चमनला तो सापडला. आम्ही दोघांनी फावड्यांनी उकरून काढला. जिवंत होता. उजव्या पायाचा गुडघ्याखाली चुरा झाला होता. सलील मदत आणतो म्हणून निघाला. जवळच वनखात्याची चौकी होती. तो तिकडे गेलाच नाही, कारण परवानगी नव्हतीच आणि तिथे पकडला गेला असता. तो हद्दीबाहेरच्या लांबच्या गावात गेला. दोन तासांनी शेवटी चमनच चौकीवर उतरला, तेव्हा माणसं आली. निखिलचा पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला.

आता सलील चौकशीत माझाच फोटो दाखवतो! म्हणे, आमच्या पुढे कोणी अनोळखी स्कीअर होता, त्यानेच उतार कमजोर केला. वनखात्याने तपासलं. त्या आठवड्यात आत दुसरं कोणी गेलेलं नाही, कोणी बेपत्ता नाही. बर्फ वितळल्यावर शोधलं तर निखिलची एक स्की मिळाली, बस.

 मग एका दुपारी निखिल नकली पायावर चालायचा सराव करता करता म्हणाला, माग संपला तिथे दोन्ही स्कींचे ठसे वळलेले होते. टोकं खाली, आपल्याकडे. कोणी तरी आपल्याला बघत उभं असावं तशी. तेव्हाच काहून नाही सांगितलं, मी विचारलं.

"सांगूनच राहिलो होतो वं."

थांबवायला उभं होतं की बोलवायला? मला माहीत नाही. पण जे काही होतं, त्याच्यावरही मी चिडलेय.

गेल्या महिन्यात जबाब द्यायला हिमाचलला गेले. अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्या पुढे कोणी होतं का? हो म्हटलं तर सलीलला पळवाट मिळते. नाही म्हटलं तर फोटो खोटा ठरतो, आणि तो खोटा नाही. मी म्हटलं, माग होता, माणूस नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं. असं लिहिता येत नाही, म्हणाले.

मग ती जागा कोरी सोडा, मी म्हटलं, पण खाली लिहा की परवानगी नव्हती.

ते त्यांनी लिहिलं. वरची जागा कोरीच आहे. तिथे भरायला माझ्याकडेही अजून काही नाही.