मुलीसाठी मोठा मॉनिटर

पेणकरपाड्यातला आमचा कॉम्प्युटरवाला मूळचा डोंगरी गावचा. त्याच्याकडे काहीही मागा, उत्तर "न्हाय"नेच सुरू होतं. गेमिंग कॉम्प्युटरसाठी मी केलेली यादी बघून तो म्हणाला, "न्हाय, काका. हा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसायचा न्हाय. खेळणार कोण?"

"मुलगी," मी घाईने म्हणालो. शेजारी बायको उभी होती आणि तिलाही मी तेच सांगितलं होतं.

त्याने दुरुस्त केलेली यादी मी हातभर लांब धरून वाचली. ते बघून त्याने ती परत घेतली आणि मॉनिटर खोडून मोठा लिहिला.

"एवढा कशाला?" बायकोने विचारलं.

"पोरींचे डोळे जपाया पायजेत, काकी," तो गंभीरपणे म्हणाला.

"मग खुर्चीपण चांगली द्या," बायको म्हणाली. "मुलीची कंबर धरते हल्ली."

त्याने मान वर न करता खुर्ची लिहिली.