ड्रमांशेजारची खुर्ची

चाकणच्या आमच्या प्लेटिंग कारखान्यात रसायनांचे आणि कचऱ्याचे कायदे सांगायला निगडीहून एक सल्लागार येतात. चहात साखर कमी पडली तरी त्यांचं वाक्य "कायद्यानं बघितलं तर" असंच सुरू होतं.

परवा मालक म्हणाले, "साहेब, विषारी गाळाचे ड्रम गेले म्हणून सही करा. उद्या पाठवतोच."

साहेबांनी खुर्ची उचलली आणि ते शेडमागं त्या ड्रमांशेजारी शब्दकोडं सोडवत बसले.

"अहो, तिथं वास येतोय!" मालक कळवळले.

"ड्रम गेलेत ना? मग वास कसला?"

शेवटी मालकांनी फोन करून गाडी त्याच दिवशी मागवली. चार वाजता ती आली, ड्रम चढले, तेव्हाच त्यांनी नव्या कागदावर सही केली. आधीचा खोटा कागद मीच भरला होता. तो मला परत देत ते हळूच म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं. जपा."