फुगडीतला रुमाल

जानेफळजवळच्या एका गावात, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी जुने नाच शिकवायला जात होते. झिम्मा, पिंगा, फुगडी. एरवी माझं काम जातिभेदाविरुद्ध पत्रकं वाटायचं. म्हटलं, चौथीच्या पोरींना फुगडी शिकवण्यात कसलं भांडण?

पहिल्याच दिवशी झालं. जोड्या लावल्या तर एक मुलगी हात मागे घेऊन उभी. समोरची बौद्धपुऱ्यातली, वर्गात सगळ्यात चपळ.

"हात धर ना तिचा."

"नाही धरत, ताई."

"काऊन?"

"आई नाही म्हणते."

समोरची पटकन म्हणाली, "राहू द्या ताई, मले नाही खेळायची. मी टाळ्या वाजवीन." नऊ वर्षांची पोर! आपणहून बाजूला व्हायचं हे तिला कोणी शिकवलं? सगळ्यांनी मिळून शिकवलं.

मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला. "हा मधात धरू द्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. कोणी विचारलं तर सांगा, सर्दीचे दिवस आहेत. आणि यावर पत्रक नका काढू, मॅडम."

याला आमच्याकडे समजूतदारपणा म्हणतात! अहो, फुगडीत हातांची अढी घालायची, पायाला पाय लावायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. समोरची सोडणार नाही, या एकाच भरवशावर ती फिरते. तिथे रुमाल?

सरांनी उभं राहून तो धरायला लावला. दोन गिरक्यांत सुटला. दोघी धपकन मातीत. सर म्हणाले, "मोठा रुमाल आणू."

मोठा रुमाल!

हात मागे घेणारी कोपर झाडत उठली. "मोठा नको अन् लहान नको. पडून राह्यलो ना आम्ही!" मग समोरचीला, "धर व माहे हात. सोडशीन तं पाह्य."

"मी कुठी सोडला? तूच सोडला व!"

भांडत भांडत दोघी फिरायला लागल्या. माझ्या सांगण्याने झालं नव्हतं ते पडण्याच्या भीतीने झालं.

संमेलनात सरांनी फुगडी गाळली. वेळ नाही म्हणे. पाहुण्यांच्या भाषणाला मात्र होता. भाषण चालू असतानाच त्या दोघी मंचाखालच्या मोकळ्या जागेत गरगर फिरत होत्या. पुढच्या रांगेतून, हात धरू नको म्हणणारी तीच आई ओरडली, "अवं, घट्ट धर! पडशीन!"

घट्ट धर म्हणाली. तेवढ्यावरून मी तिचं कौतुक करणार नाही.